जाहिरातींच्या वेळातलं गाणं

मरीन परेड, सिंगापूर
३ सप्टेंबर २०२५

ती. अनघाताईस,
सा. न. वि. वि. आणि सोबत थोडा धाकट्या बहिणीचा हट्टही.

हा विषय फोनवर काढला की तुझ्या कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागतात, दारावर कुणीतरी येतं, नाहीतर प्रबोधभाऊजींना चहा हवा असतो. म्हणून पत्र. पोस्टाने मिरजेला पोचेपर्यंत दिवाळी उजाडेल, तेव्हा कागदाचा फोटो पाठवतेय. पण लिहिलंय हाताने, त्यामुळे उत्तरही तसंच हवं.

तर ऐक. आशिया गीतचषकाची अंतिम फेरी यंदा नोव्हेंबरात सिंगापूरला आहे. आमची अनुया ज्या कंपनीत कामाला लागली, त्याच कंपनीकडे हा कार्यक्रम आलाय. चषकाचं हे पंचेचाळिसावं वर्ष, म्हणून त्याचा इतिहास दाखवणारा भाग करायचाय, आणि जुन्या चित्रफिती धुंडाळायचं काम आमच्या कन्येकडे आहे. आमच्याकडे जेवायला आली की तेच. ऐंशी साली फक्त पाच देश होते म्हणे, आणि प्रत्येक देशाचे परीक्षक आपापल्या स्टुडिओत बसून फोनवरून गुण सांगायचे. एका वर्षी मनिलात वादळ झालं, फोन बंद पडले आणि विजेता दुसऱ्या दिवशी कळला. अठ्ठ्याण्णव साली मंदीमुळे स्पर्धाच झाली नाही. ते वर्ष मला चांगलं आठवतं, बँकेत आमच्या मजल्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मग एसएमएसची मतं आली, कोरोनात सगळे आपापल्या घरून गायले, आता परीक्षकांच्या जोडीला ॲपवर मतदान आहे. अनुया हे सगळं असं सांगते की भात निवून जातो.

परवा ती घरी आली आणि पर्स न ठेवताच तिने विचारलं, की १९८७, क्वालालंपूर, इंडिया, अनघा वैशंपायन, ही आपली मावशी का. त्या फितीत तिने तुला हिरव्या साडीवरून नाही, उभं राहण्यावरून ओळखलं म्हणाली. मी हो म्हटलं. एवढंच. बाकी काही सांगितलं नाही.

ताई, त्यांना जुन्या गायकांना मंचावर बोलवायचंय. तिकीट ते काढतील, राहायला माझं घर आहे, खोलीतून समुद्र दिसतो. तू ये.

लोभ आहेच, यावेळी सोबत होकारही असावा.
तुझी,
सुचित्रा

*

मिरज
७ सप्टेंबर २०२५

चि. सुचित्रास,
अनेक आशीर्वाद, आणि एक बारीकसा चिमटा.

तुझा फोटो उघडायला मला शेजारच्या सविताला बोलवावं लागलं. तिने अर्थातच पत्र वाचलं, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीत सगळ्यांना कळलं की मी एके काळी परदेशात टीव्हीवर गायले होते. तिने मला विचारलं, कितवा नंबर आला. मी म्हटलं, शेवटचा. तिला वाटलं मी गंमत करतेय.

तू तेव्हा बारावीत होतीस, तुला घरात जेवढं दिसलं तेवढं माहीत. नीट सांगते म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. माझ्या गुरू राधिकाबाईंनी बांधलेली चाल होती, 'उन्हाच्या पायऱ्या'. संथ. दुपार एकेक पायरी उतरत अंगणात येते, असं गाणं. माझा क्रम सर्वांत शेवटी. त्या काळी उपग्रहाची वेळ तासावर घेतलेली असायची, आणि आधीच्यांनी वेळ खाल्लेला. मी मंचावर पाय ठेवला तेव्हा खालून कुणीतरी वाद्यवृंदाच्या प्रमुखाला दोन्ही हातांनी लवकर, लवकर असं खुणावत होतं. त्याने काठी उचलली आणि गाणं धावतच सुटलं. मी थांबू शकत नव्हते, सगळा आशिया बघत होता. मी दुपारच्या मागे पळत पळत त्या पायऱ्या उतरले. मग गुण यायला लागले. एकेक देश फोनवर बोलत होता, आणि इंडिया म्हणून फलकावर जी ओळ होती तिच्यापुढे शेवटपर्यंत शून्य राहिलं.

परत आल्यावर एका वर्तमानपत्राने मला शून्यसुंदरी म्हटलं. रेडिओवर माझं ध्वनिमुद्रण ठरलं होतं, ते पुढे ढकललं गेलं आणि ढकललेलंच राहिलं. पुढच्या वर्षी विमा कंपनीत लागले, त्यानंतर लग्न. मी दुःखात दिवस काढले असं मुळीच नाही. पण त्या मंचावर मला पुन्हा कुणी उभं करू नये.

अनुयाला माझा पापा. तिला म्हणावं भात गरम असताना जेव.

आशीर्वाद आहेतच, हट्ट मात्र आवर.
तुझी ताई,
अनघा

*

चोआ चू कांग, सिंगापूर
१४ सप्टेंबर

ती. मावशी,
शि. सा. न. (हे आईने फोनवर स्पेलिंग करून सांगितलं, मला अर्थ विचारू नकोस ला. हा 'ला' सिंगापूरचा, चूक नाही.)

मी माझ्या फ्लॅटवर बसून लिहितेय, आईसमोर नाही. माझं मराठी लिहिणं फार वाईट आहे, पण मला हे तुला इंग्लिशमध्ये सांगायचं नव्हतं.

दोन गोष्टी आहेत. वाईट आधी. तुम्हाला बोलावतायत तो भाग इतिहासाचा आहे, पण त्याचं नाव 'झिरो क्लब' ठेवलंय. ज्यांना ज्यांना शून्य मिळाला अशा जुन्या सिंगर्सना आणणार, प्रत्येकाने एक मिनिट गायचं, मागे मोठा शून्य. लोक हसतील, पण प्रेमाने हसतील, असं माझे बॉस मिस्टर ली म्हणतात. ते वाईट माणूस नाहीत. मला आधी हे माहीत नव्हतं, काल मीटिंगमध्ये कळलं. आई तुला ये म्हणते तेव्हा तिला पण माहीत नाही. तू हे कळल्यावरच ठरव.

आता दुसरी. प्रत्येक देश तेव्हा स्पर्धेच्या आधी गाण्याची टेप पाठवायचा, स्टुडिओत केलेली. तुझी टेप सापडली. मी ती हेडफोन लावून ऐकली, आणि मग फायनलची क्लिप बघितली, आणि मला वाटलं मशीन बिघडलं. तीच सिंगर, तेच शब्द, पण गाणं दुसरंच. मी टेप तीन कलीग्जना ऐकवली, एक चायनीज, एक मलय, एक तमिळ. कुणाला एक शब्द कळत नव्हता. तमिळ मुलीने डोळे मिटून घेतले.

टेप पाठवतेय. सविताकाकूंना उघडायला सांग. तू नाही म्हणालीस तर मी मिस्टर लींना सांगेन आणि कुणी तुला त्रास देणार नाही, प्रॉमिस.

तुझी लाडकी (आई म्हणते असं आपणच लिहायचं नसतं),
अनुया

*

मिरज
१९ सप्टेंबर २०२५

चि. अनुयास,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं मराठी अगदी व्यवस्थित आहे. जे सांगायचं ते पोचलं.

टेप ऐकली. आधी मी एकटीने ऐकणार होते, पण सविता उघडून देऊन जाईना. ती पदर तोंडाशी धरून बसली आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. ही मुलगी इतकं बरं गायची, हे मी विसरूनच गेले होते बघ. मला तिची कीव नाही आली. मला तिचा राग आला, की एवढी तयारी असताना एका माणसाच्या हातवाऱ्यांना घाबरून ती का पळाली. मग वाटलं, पंचवीस वर्षांची होती, काय करणार होती.

तेव्हा येते. मिस्टर लींना माझं असं सांग: गाणं पूर्ण गाणार, माझ्या लयीत गाणार, आणि पाठीमागे शून्य नको. हसायला माझी हरकत नाही, पण गाणं झाल्यावर हसा म्हणावं, मध्ये नको.

सकाळी रियाझ सुरू केला आहे. आवाज तीन स्वर खाली आलाय आणि वर जाताना जिना चढल्यासारखी धाप लागते, पण मंद्रात मात्र आता असं काहीतरी आहे जे तेव्हा नव्हतं. तुझे काका पेपर तोंडापुढे धरून बसतात. पण आज बराच वेळ पान उलटलं नाही. ते येणार नाहीत, गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालीये, विमानात पाय दुमडून बसवणार नाही. ते इथे सगळ्या इमारतीला बोलावून टीव्हीवर बघणार आहेत. खुर्च्या कुणाकुणाच्या आणायच्या तेही ठरलंय.

मला भीती वाटतेय आणि मजाही येतेय. या वयात दोन्ही एकदम व्हायची सवय राहिलेली नाही.

तुझी मावशी, जिला तू लाडकी आहेस हे तुला माहीत आहेच,
अनघा

*

मरीन परेड, सिंगापूर
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रबोध,
स. न. त्यातला स सप्रेम की सविनय, ते पत्र वाचून ठरव. फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्ये बोलला असतास, म्हणून सुचीच्या टेबलाशी बसून लिहितेय.

इथे सगळं छान आहे. सुची आणि तिचा संजीव मला पाहुणीसारखं वागवतात आणि मोठ्या बहिणीसारखं माझ्याकडून दटावूनही घेतात. काल लिटिल इंडियात जाऊन गजरा घेतला. सुचीने मला सोन्याच्या काठाची साडी नेसायला लावायचा घाट घातला होता, तो मी हाणून पाडला.

आज रंगीत तालीम झाली. आम्ही चौघं जुने आहोत. त्यात मलेशियाचे अझमान म्हणून एक आहेत, सत्तरीचे, जोहोरला त्यांचं जेवणाचं छोटं दुकान आहे. स्टॉलवर त्यांनी स्वतःच्या शून्याचा फोटो लावलाय आणि त्यावर गिऱ्हाईक येतं, असं त्यांनी मला हिंदी-मलय-इंग्रजीची भेळ करून सांगितलं. मला ते फार आवडले.

माझी पाळी आली. मी मंचाच्या मध्यावर गेले आणि वर घरघर झाली. बघते तो, शून्य नसेल असं कबूल केलेलं असूनही, दिव्यांचं एक भलंमोठं शून्य साखळ्यांवरून खाली येतंय. बरोबर माझ्या डोक्यामागे थांबलं. मी माईक स्टँडवर ठेवला आणि पायरीवर जाऊन बसले.

मिस्टर ली धावत आले. अनुया त्यांच्या मागे, तिचा चेहरा उतरलेला. त्यांनी खरं ते सांगितलं. या भागाचा प्रायोजक बिनसाखरेचं पेय विकतो, त्याच्या बाटलीवर मोठं शून्य आहे, आणि त्याला या शून्यासकट भाग हवाय. शून्य काढलं तर प्रायोजक जाईल. मी म्हटलं, मग मला काढा. अझमान मागून आले आणि म्हणाले, तिला काढणार असाल तर माझं दुकान उद्या उघडायचंच आहे, मी आजच परत जातो. मी त्यांना सांगितलं, की तुमचं शून्य तुम्हाला शोभतं, तुम्ही गा. त्यावर ते इतके हसले की मिस्टर लीही हसले.

मग त्यांनी मला दोन वाटा दिल्या. एक, शून्याखाली एक मिनिट, थेट प्रक्षेपणात, सतरा देशांत. दुसरी, पूर्ण गाणं, माझ्या लयीत, शून्याशिवाय, पण जाहिरातींच्या वेळात. म्हणजे सभागृहातले लोक ऐकतील, जे उठून खायला गेलेले नसतील ते. टीव्हीवर तेव्हा साबण आणि मोटारी असतील.

प्रबोध, मी विचार करायला वेळ मागितला नाही. दुसरी वाट घेतली. वाद्यवृंदात सगळी तरुण मुलं आहेत. पियानोवरच्या मुलीने मला लय विचारली. मी मांडीवर हाताने दिली, तिने तशीच्या तशी उचलली आणि वर बघून माझी वाट बघत थांबली. माझ्यासाठी कुणी वाद्यावर असं थांबलेलं मी पहिल्यांदाच अनुभवलं.

तेव्हा उद्या तुला मी टीव्हीवर दिसणार नाही. एवढ्या खुर्च्या गोळा केल्यास, त्याचं मला वाईट वाटतं. सगळ्यांना काय सांगायचं ते तू ठरव. कांदेपोहे मात्र कर, लोक आलेत म्हटल्यावर उपाशी पाठवू नकोस.

औषधं घे, पाय लोंबकळत ठेवू नकोस, आणि रागावला असशील तर मी परत आल्यावर रागाव.
तुझी,
अनघा

*

मरीन परेड, सिंगापूर
२३ नोव्हेंबर २०२५

ती. प्रबोधभाऊजींस,
सा. न. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

ताई झोपलीये, तोवर मी लिहिते. ती तुम्हाला नीट सांगणार नाही. ती फक्त बरं झालं म्हणेल.

सभागृह गच्च भरलेलं होतं. अझमानसाहेब शून्याखाली नाचत गायले, लोकांनी डोक्यावर घेतलं. मग शून्य वर गेलं, जाहिरातींचा इशारा झाला, आणि निम्मे लोक उठले. माझ्या शेजारचं कुटुंब पॉपकॉर्न आणायला निघालं. मंचावर साधा पांढरा दिवा लागला आणि ताई आली. निळी सुती साडी, गजरा. कुणी तिचं नाव पुकारलं नाही. पियानोचे चार-पाच स्वर आले, आणि मग ती गायला लागली, 'उन्हाच्या पायऱ्या उतरत आली, कोण ही दुपार'.

भाऊजी, मी तिची बहीण, मी काय सांगणार. लोकांचं सांगते. माझ्या शेजारचे गृहस्थ रांगेच्या टोकाशी होते, ते वळले आणि तिथेच उभे राहिले. त्यांच्यामागचे त्यांच्यामुळे अडले, आणि मग अडल्याचं विसरले. वाटेवर माणसांच्या रांगा तशाच थांबल्या. दुसऱ्या कडव्यात एका जागी तिचा आवाज चिरला. तिने घाई केली नाही. श्वास घेतला, पियानोवरची मुलगी थांबली, आणि ताईने ती ओळ पहिल्यापासून पुन्हा घेतली, जणू ती तशीच बांधलेली होती. गाणं संपलं. मग जो आवाज उठला त्यात मी माझं रडणं उरकून घेतलं.

इतक्यात जाहिराती संपल्या, निवेदक आला आणि कार्यक्रम पुढे गेला. मला वाटलं, झालं, हे एवढंच आणि हे पुष्कळ आहे.

आता पुढचं. गुण द्यायची वेळ आली. एकेक देशाचा प्रतिनिधी पडद्यावर येऊन गुण सांगत होता. मंगोलियाची पाळी आली. लोकरीचा कोट घातलेली एक बाई, उलानबातरहून. तिने आपले गुण वाचले, सर्वांत जास्त दहा कोरियाला दिले. निवेदक धन्यवाद म्हणायला लागला, तर ती म्हणाली, तिचं अजून झालेलं नाही. त्यांच्या वाहिनीने या रात्रीसाठी जाहिराती घेतलेल्या नव्हत्या, त्यामुळे मधल्या वेळातही त्यांच्याकडे मंचच दिसत होता. निळ्या साडीतल्या बाईंचं गाणं त्यांनी सगळ्यांनी ऐकलंय. आणि मंगोलियाच्या परीक्षकांना त्या बाईंनाही दहा गुण द्यायचेत.

निवेदक गोंधळला. त्याने कानातल्या यंत्रावर बोट ठेवलं आणि सांगितलं, की नियमात हे बसत नाही. ती हसून म्हणाली, ते तिला माहीत आहे, फलकावर लिहू नका, तिला फक्त बोलून दाखवायचं होतं. मग तिने कागदावर बघून ताईचं नाव घेतलं. वैशंपायन तिला काही केल्या जमेना, म्हणून तिने नुसतं अनघा म्हटलं, दोनदा.

सगळं सभागृह उभं राहिलं. अनुया नियंत्रणकक्षात होती, ती सांगते की मिस्टर लींनी हातातला कागद खाली ठेवला आणि कॅमेऱ्याला ताईला शोधायला सांगितलं. ती पडद्यामागे अझमानसाहेबांच्या शेजारी केळं खात बसली होती. त्यांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिला पुढे ढकललं. फलकावर काही पडलं नाही. यंदा भारत स्पर्धेत नाही, तिथे भारताची ओळच नव्हती. पण ती सतरा देशांत दिसली, भाऊजी. तुम्हाला दिसली का ते कळवा. फोन लागत नाहीये तुमचा, सारखा व्यग्र.

आमचा जीव तुमच्याकडे लागलाय, चार ओळी धाडा.
तुमची,
सुचित्रा

*

मिरज
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय अनघा,
स. न. सप्रेमच आहे.

फोन व्यग्र आहे कारण काल सकाळपासून सगळं गाव मला फोन करतंय. आता बंद करून ठेवलाय आणि लिहायला बसलोय. सविता फोटो काढून पाठवेल.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कुणालाच काही सांगितलं नाही. येऊ दिलं. बावीस माणसं आली असतील, जिन्यापर्यंत. पोहे केले, जरा फडफडीत झाले. जाहिराती लागल्या तेव्हा मला माहीत होतं की आत्ता तू गाते आहेस. समोर एक बाई कपडे धूत होती. लोक गप्पा मारत होते, कुणी पाणी मागत होतं, आणि मी त्या पडद्याकडे असा बघत बसलो, की सविताने विचारलं काका बरं वाटतंय ना. मला त्या मिनिटांत काय झालं ते तुला आल्यावर सांगेन, लिहिता येत नाही.

मग गुण सुरू झाले. मी उठून पोह्यांच्या बशा आवरायला लागलो होतो. पाठीमागे कुणीतरी अनघा म्हणालं. मला वाटलं आपल्यातलंच कुणी. वळून बघतो तर पडद्यावर लोकरीच्या कोटातली बाई तुझं नाव पुन्हा घेत होती. आणि मग तू आलीस, तोंड पुसत. कुणालाच काही कळलं नाही की हे कशाबद्दल आहे, तरी सगळे ओरडत होते. दोन बशा फुटल्या. मी फोडल्या.

आता मंगोलियाच्या प्रक्षेपणातलं ते गाणं सगळीकडे फिरतंय. सविताने फोनवर पाच वेळा ऐकलं. खालच्या मजल्यावर लागलं की मी गॅलरीचं दार लावून घेतो. मी अजून ऐकलेलं नाही.

लग्नाआधी तुझ्या घरच्यांनी मला क्वालालंपूरचं सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं की तिला विचारू नका. मी विचारलं नाही. सदतीस वर्षं तू या घरात भजनं गायलीस, अंगाई गायलीस, हे एक गाणं कधी गायली नाहीस. मलाही कधी म्हण म्हणायचा धीर झाला नाही. आता मंगोलियाने ऐकलं, सिंगापूरने ऐकलं, सविताने ऐकलं. एवढी वाट बघितल्यावर मला ते फोनच्या डबीतून नको आहे.

गुरुवारी पहाटे मुंबईला उतरशील. गाडी सांगितली आहे, मीही येतो आहे, गुडघ्याचं मी बघतो. मिरजेपर्यंत सात-आठ तासांचा रस्ता आहे. ड्रायव्हरला रेडिओ लावू नको म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय.

लोभ होताच, आता तो ऐकायला बसलाय.
तुझा,
प्रबोध